सेल्फ मारतो, पण पकडत नाही

गणपतीला चार दिवस राहिले होते. त्या आठवड्यात चिपळुणात कोणतंही काम सांगायला गेलात तर एकच उत्तर मिळतं : आता गणपतीनंतर. मीही माझ्या गिऱ्हाइकांना तेच सांगत होते, एक सोडून. एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल माझ्याकडे छपाईसाठी पानं लावायला होता. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्याआधी अहवाल छापून सभासदांच्या हातात पडायला हवा, आणि छापखानाही गणपतीत बंद. ताळेबंद लावून झाला होता, नफा-तोटा पत्रक निम्म्यावर होतं. ३ सप्टेंबर २०२४ ची संध्याकाळ. मखराचं सामान काढायचं म्हणून लॅपटॉप बंद केला, जेवणं उरकली, परत येऊन बटण दाबलं. दिवा लागला. पंख्यानं सुस्कारा सोडला आणि तो फिरत राहिला. स्क्रीन काळी.

दोन मिनिटं वाट पाहिली. बटण दाबून धरून बंद केला, पुन्हा चालू केला. दिवा, पंखा, काळोख. हे मी किती वेळा केलं ते सांगत नाही. लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबणाऱ्यांना मी हसते, एवढं पुरे.

"काय गो, काय झालं?" बाबांनी झोपाळ्यावरून विचारलं.

"चालू होतो, पण सुरू होत नाही."

बोलून गेल्यावर मलाच ते वाक्य विचित्र वाटलं. बाबांना मात्र ते लगेच कळलं. "म्हणजे सेल्फ मारतो, पण पकडत नाही," ते म्हणाले आणि चष्मा शोधायला उठले.

बाबा एसटीत मेकॅनिक होते. सगळी नोकरी डिझेलच्या वासात गेली. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध नातीनं लावून दिलेली भजनं ऐकण्यापुरता. पण पहाटेची गाडी डेपोतून निघत नाही, सेल्फ मारला की इंजिन घरघरतं पण पेटत नाही, बाहेर फलाटावर बायाबापड्या ट्रंका घेऊन उभ्या, असल्या पहाटा त्यांनी शेकड्यांनी काढल्यात. माझा चेहरा त्यांना त्या ड्रायव्हरसारखाच दिसला असणार.

इथे एक खुलासा. मुलीचा नवा लॅपटॉप घरात होता, त्यावर काम का नाही केलं, असं मला नंतर दोघातिघांनी विचारलं. मी डीटीपी करते. माझं सगळं काम पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. पेजमेकर ७.० आलं २००१ साली, आणि त्यानंतर त्याची पुढची मोठी आवृत्ती कधी निघालीच नाही. तरी मराठी मुलखातले कितीतरी छापखाने अजून त्याच्यावरच चालतात, कारण पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल, निवडणुकीची पत्रकं त्यात अडकलीत. त्यातले फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या एकाच अक्षरपद्धतीच्या, आधीचे. स्क्रीनवर 'संचालक मंडळ' दिसतं, पण फाइलीच्या पोटात रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम असतात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की अख्खं संचालक मंडळ कंसात जातं. म्हणून २०१३ साली घेतलेलं हे यंत्र, त्यातलं विंडोज ७, सगळं मी मुरांब्यासारखं बरणीबंद ठेवलंय. इंटरनेट लावत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात खालच्या खोलीतला प्रिंटर आणि यूपीएस गेले, हा माळ्यावर होता म्हणून राहिला.

बाबा येऊन बसेपर्यंत मी दोन फोन करून मोकळी झाले होते. आमच्याकडे लॅपटॉप दुरुस्त करणारा मुलगा गावी पोचला होता. त्यानं लक्षणं ऐकली आणि जराही न थांबता सांगितलं, "मदरबोर्ड गेला, ताई." दुसरा नात्यातला, पुण्यात आयटीत. तो म्हणाला, "फॉरमॅट मारून घे." या दोन वाक्यांवर आपल्याकडे एक अख्खा धंदा उभा आहे. मदरबोर्ड गेला म्हणजे बाहेरची बाधा झाली, आणि फॉरमॅट मारणं म्हणजे उतारा टाकणं. आजार कुठला हे दोघांनाही विचारावंसं वाटलं नाही.

बाबांनी विचारलं. "हे सुरू होताना आधी काय होतं, मग काय होतं?"

मला नीटसं सांगता येईना. जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. बटण दाबल्यावर वीज येते तेव्हा प्रोसेसरला काहीच माहीत नसतं. फक्त एक ठरलेला पत्ता माहीत असतो, तिथे जायचं आणि जे लिहिलंय ते करायचं. त्या पत्त्यावर बोर्डावरच्या एका लहानशा चिपमधला प्रोग्रॅम असतो, बायोस. तो आधी हजेरी घेतो : मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, स्क्रीन आहे का. हजेरी पुरी झाली की कंपनीचं चिन्ह दाखवतो. मग डिस्क शोधतो. जुन्या पद्धतीत डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचतो, जेमतेम ५१२ बाइट्सचा, आणि त्याच्या शेवटच्या दोन बाइट्समध्ये ठरलेली खूण आहे का बघतो. खूण पटली तर कारभार त्या तुकड्याच्या हाती देतो. तो तुकडा आपल्याहून थोडा मोठा प्रोग्रॅम उठवतो, तो विंडोजला उठवतो. या सगळ्याला बूट होणं म्हणतात, ते बुटाच्या मागच्या वादीवरून, इंग्रजीतल्या 'बूटस्ट्रॅप'वरून. आपल्याच बुटाची वादी धरून आपणच आपल्याला वर उचलायचं, असा तो मूळ शब्द आहे.

"म्हणजे याला धक्का स्टार्ट नाही," बाबा म्हणाले.

नाही. बाहेरून ढकलायला काही नाही. त्याच वर्षी जुलैत, १९ तारखेला, एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं अशीच अर्ध्यावर पडली होती. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. अपडेट पाठवलं गेलं होतं तारेवरून, एका झटक्यात. काढायला मात्र बऱ्याच ठिकाणी माणसालाच एकेका यंत्रासमोर बसावं लागलं, कारण जे यंत्र उठतच नाही त्याला लांबून काही सांगता येत नाही. ती यंत्रं निदान शेवटच्या पायरीपर्यंत पोचत होती. माझं कुठे बसलं होतं?

डिझेलची गाडी पकडत नाही तेव्हा नवशिका मेकॅनिक टाकीपासून सुरुवात करतो, बाबा सांगत होते. टाकी बघ, नळी बघ, फिल्टर बघ, पंप बघ, नोझल बघ. तासभर जातो. "आपण मधे तोडायचं. फिल्टरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारायचा. तिथे चांगलं डिझेल आलं तर मागचं सगळं सोडून दे, पुढे बघ. बुडबुडे आले तर हवा धरलीय, ती काढ. काहीच नाही आलं तर पुढचं सोड. तुझ्यात मधे तोडायची जागा कुठली?"

मी विचार केला आणि कॅप्स लॉक दाबलं. चांगल्या यंत्रात ते दाबलं की बारका दिवा लागतो आणि जातो. स्क्रीन मेली असली तरी लागतो. माझा लागला नाही. तरी खात्रीसाठी मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरून पाहिला. नुसता मागचा उजेड गेला असेल तर अक्षरं पुसट दिसतात. काही नव्हतं. टीव्हीची एचडीएमआय तार लावली. टीव्ही म्हणाला, सिग्नल नाही. म्हणजे स्क्रीनचा दोष नव्हता, आणि बिचारं विंडोज तर या गोष्टीत अजून आलंच नव्हतं. हजेरीतच कुणीतरी 'हजर' म्हणत नव्हतं. फॉरमॅट मारून काय होणार होतं? शाळेचं फाटकच उघडलं नव्हतं आणि नातेवाईक म्हणत होता, फळा पुसून घे.

पहिला उपाय सोपा असतो, म्हणून तो केला. चार्जरची पिन काढली, खालची बॅटरी काढली, बटण तीस सेकंद दाबून धरलं. बोर्डावर कुठे कुठे उरलेली वीज निघून जाते आणि अडकलेलं यंत्र कधी कधी एवढ्यानंच भानावर येतं. माझं आलं नाही. या तीस सेकंदांकडे मी परत येणार आहे.

मग पाठ उघडली. बाबांनी स्टीलच्या थाळीत स्क्रू मांडले, ज्या जागेवरचा त्या जागी, घड्याळाच्या काट्यांसारखे. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, कडेचे दोन चिमटे बाहेर ओढले की पट्टी टणकन वर उठते. तिच्या काठावर सोन्याचा मुलामा दिलेले दोनशे चार दात असतात. कोकणातला पावसाळा हा त्या दातांचा वैरी. जून ते सप्टेंबर आमच्याकडे मीठ पाण्यात असतं, चपलांना बुरशी येते, पुस्तकं फुगतात. त्यात या चिमुकल्या खाचेनं कोरडं राहावं ही अपेक्षाच जास्त. दात मळकट दिसत होते. मुलीच्या कंपासमधलं पांढरं खोडरबर घेतलं आणि लांब, खाचेपासून दूर बसून हलक्या हातानं घासलं, कारण रबराचे कण खाचेत पडले तर आगीतून फुफाट्यात. कोरड्या सुती फडक्यानं पुसलं. आधी एकच पट्टी बसवली. तिरकी घालून खाली दाबायची, चिमटे दोन्हीकडून टक् वाजले पाहिजेत.

बटण दाबलं. दिवा, पंखा, आणि कंपनीचं चिन्ह.

मी ओरडले. बाबांनी नुसतं "हं" केलं, सवयीनं. डेपोत इंजिन पकडलं म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाहीत.

बरंच झालं, वाजवल्या नाहीत. चिन्ह गेलं आणि काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ आली : नो बूटेबल डिव्हाइस.

पहिल्या काळोखापेक्षा ही ओळ वाईट होती. काळोखात काहीही असू शकतं. ही ओळ म्हणत होती, मी जागा आहे, सगळीकडे शोधलं, उठवण्यासारखं इथे काही नाही. मी बूट मेन्यू उघडला. माझ्या यंत्रात तो एफ-१२ नं उघडतो, प्रत्येक कंपनीची कळ वेगळी. यादीत हार्ड डिस्क नव्हती. अकरा वर्षांची डिस्क, ५०० जीबी, मिनिटाला ५४०० फेरे. गेली, मी मनात म्हटलं. पतसंस्थेचा अहवाल गेला, गावातल्या अर्ध्या लग्नांच्या पत्रिका गेल्या. बॅकअप? सगळ्यांना सांगते, घ्या म्हणून. माझा शेवटचा मार्चमधला होता.

बाबांनी लांब पेचकस मागवला. त्याची मूठ कानाला लावली आणि टोक लॅपटॉपच्या पोटावर डिस्कच्या जागी टेकवलं. इंजिनात कुठलं बेअरिंग बोलतंय ते मेकॅनिक असंच ऐकतात. मला हसू आलं, पण त्यांचे डोळे मिटलेले होते म्हणून आवरलं.

"फिरतंय," ते म्हणाले. "एकसारखं फिरतंय. ठोकत नाही."

डिस्क जाते तेव्हा बऱ्याचदा आतली सुई जागा शोधत पुन्हा पुन्हा आपटते, ठक ठक ऐकू येतं. तसं काही नव्हतं. मग यादीत का नाही? याचं उत्तर रात्री अकरा वाजता दोघांकडेही नव्हतं. आम्ही झोपलो. म्हणजे बाबा झोपले.

सकाळी मुलीनं तिच्या लॅपटॉपवर एका पेनड्राइव्हमध्ये उबुंटू भरून दिलं. ही चीज प्रत्येक घरात एक असावी, टॉर्चसारखी. पेनड्राइव्हवरून अख्खी दुसरी प्रणाली उठते, डिस्कला धक्काही न लावता, आणि तिच्यातून आपल्या घरात खिडकीतून डोकावता येतं. फक्त पहिल्या पानावर 'इन्स्टॉल' नाही, 'ट्राय' निवडायचं. ती बिनबोभाट उठली. डाव्या बाजूला डिस्कचं चित्र होतं. मी त्यावर क्लिक केलं आणि माझे फोल्डर एकाखाली एक दिसायला लागले. अहवाल, पत्रिका, मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो, सगळं. उबुंटूच्या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमनंही शेरा दिला, डिस्क ठीक.

आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. कारण शोधायची कितीही खाज असली तरी आधी माणसं उतरवायची, मग गाडीखाली शिरायचं. हेही बाबांचंच. दोन तास गेले. त्या दोन तासांत मी रिकामी बसून चिडत होते : डिस्क चांगली, फायली चांगल्या, मग हा म्हणतो काय, काही सापडत नाही?

बाबा शेजारी बसून स्क्रीनवर काय काय लिहिलंय ते वाचत होते. त्यांना वाचायला काहीही चालतं.

"आज तारीख काय?"

"चार."

"हा एक जानेवारी म्हणतोय."

वर मध्यभागी, बारक्या अक्षरात. इंटरनेट नव्हतं, म्हणजे उबुंटूनं ही तारीख यंत्राच्या स्वतःच्या घड्याळातून उचलली होती. मी बायोसमध्ये शिरून पाहिलं. साल २०१३. यंत्र जन्माला आलं ते वर्ष.

तिथून पुढचं पाच मिनिटांत उलगडलं. लॅपटॉपच्या बोर्डावर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. नाव म्हणजेच माप आहे, २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. वीज तीन व्होल्ट. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणं आणि बायोसच्या निवडी लक्षात ठेवणं, एवढंच त्याचं काम. माझा सेल मेला होता, बहुधा काही वर्षांपूर्वीच. पण मोठी बॅटरी कायम लावलेली असायची, ती त्याचा भार वाहून न्यायची, त्यामुळे तो मेल्याचं कुणाला कळलं नाही. अशी माणसंही एकत्र कुटुंबात असतात, असो. आदल्या रात्री मी चार्जर काढला, बॅटरी काढली आणि बटण तीस सेकंद दाबून धरलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या यंत्राला कुठूनच वीज नव्हती. त्या तीस सेकंदांत ते सगळं विसरलं.

काय विसरलं? २०१३ साली हा घेतला तेव्हा त्यात विंडोज ८ होतं. दुकानात मी हटून बसले, मला ७ हवं, माझं पेजमेकर त्यावर चालतं. दुकानातल्या मुलानं कुरकुरत ७ घालून दिलं. ते घालण्यासाठी त्यानं बायोसमधली एक निवड बदलली असणार. यंत्र सुरू व्हायच्या दोन पद्धती असतात. नवी यूईएफआय, ती डिस्कवर एका ठरावीक विभागात फाइल शोधते. जुनी लेगसी, ती ५१२ बाइट्सचा पहिला तुकडा वाचते. या तुकड्याची रचना १९८३ च्या डॉसपासून चालत आलेली. त्या मुलानं ते लेगसीवर केलं, जुन्या पद्धतीनं विंडोज घातलं आणि मला काही न सांगता लॅपटॉप पिशवीत भरून दिला. ती निवड कंपनीच्या मूळ निवडीच्या उलट होती आणि ती लक्षात ठेवणारं जगात एकच कुणी होतं, तो सेल. तो गेला, मोठी बॅटरी काढली, यंत्र कंपनीच्या मूळ सवयीवर गेलं. ते नव्या पद्धतीनं शोधत होतं आणि दार जुन्या पद्धतीचं होतं. बूट मेन्यूच्या यादीत डिस्क दिसत नव्हती ती याच कारणानं. बायोसच्या पहिल्याच पानावर तिचं नाव आणि नंबर स्वच्छ लिहिलेलं होतं, मी भलतंच पान बघून रडत होते.

म्हणजे मेमरीचा दोष पावसाचा. दुसरा दोष माझा, पहिला काढताना मी घातलेला.

हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. दुरुस्त करून सोडलेली गाडी परशुराम घाटात बंद पडली तर ते पहिल्यांदा काय बघायचे? आपण ज्याला हात लावला त्याच्या शेजारचं. क्लच केलास ना, मग क्लच ठीकच असणार, पण तो काढताना कुठली वायर बाजूला सारलीस? मेकॅनिक आपल्या कामावर शंका घेत नाही, आपल्या कोपरावर घेतो, असं ते म्हणाले.

बूट मोड लेगसी केला, तारीख-वेळ लावली, एफ-१० दाबून जतन केलं. विंडोजचे चार रंग अंधारातून वर आले. पेजमेकर उघडलं, नफा-तोटा पत्रक होतं तसं. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत ते संपवलं आणि पेनड्राइव्ह छापखान्यात नेऊन दिला. छापखानेवाला म्हणाला, काय ताई, आता गणपतीनंतर. मी त्याच्या तोंडावर उकडीचे मोदक कबूल केले तेव्हा कुठे त्यानं पेनड्राइव्ह घेतला.

सेल विसर्जनानंतर बदलला. लॅपटॉपमधला सेल नुसता घड्याळजीकडून आणून बसत नाही. त्याला प्लास्टिकचं वेष्टण असतं आणि लाल-काळ्या दोन तारांची शेपटी, टोकाला बारकी पिन. तो मागवावा लागला. दुसरी मेमरीपट्टीही घासून बसवली. दुरुस्ती करणारा मुलगा गावाहून परत आला होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हां, मग बोर्डाचाच प्रॉब्लेम होता ना. सेल बोर्डावरच असतो." यावर काय बोलणार?

पाठ लावायच्या आधी बाबांनी पांढरी चिकटपट्टी आणि पेन मागितलं. डेपोत गाडीवर काम केलं की कार्डावर नोंद करायचीच. त्यांनी पट्टीचा तुकडा पाठीच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि लिहिलं : सेल बदलला, तारीख, सही. मग थांबले.

"ते तू काय बदललंस, त्याचं नाव काय?"

"लेगसी."

"म्हणजे?"

"म्हणजे... जुनी पद्धत."

त्यांनी खाली लिहिलं, 'जुन्या पद्धतीनं सुरू होतो.' आणि थाळीतला पहिला स्क्रू उचलला, बारा वाजताच्या जागेवरचा.